नव्या फिश टँकला आधी विरजण लावा

घर आणि विज्ञान



परीक्षा संपल्या, सुट्टी लागली की मुलांचा एक हट्ट ठरलेला असतो, "आपल्याकडे फिश टँक पाहिजे!" घर दोन खोल्यांचे असो की चाळीतली एकच खोली असो, टीव्हीच्या शेजारी काचेची टाकी बसेल एवढी जागा आई-वडील कुठून तरी काढतातच. रविवारी मुंबईच्या महात्मा फुले मंडईतल्या किंवा आपल्या गावातल्या दुकानात सर्व कुटुंब जाते. टाकी, रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारा पंप आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ-दहा मासे, अशी सगळी खरेदी एकाच फेरीत होते. संध्याकाळी टाकी भरून दिवा लागतो आणि शेजारपाजारची मुले पाहायला जमतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागते. आठवड्याच्या आत मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. एक मरतो, मग दुसरा. घरातील माणसे टाकी रिकामी करतात, खडे साबणाने खसाखसा धुतात, नळाचे ताजे पाणी भरतात आणि आणखी दोन मासे आणतात. तेही मरतात. मग कोणीतरी म्हणते, "तुमच्या घराला मासे लाभत नाहीत." दुसरे कोणी समजूत घालते, "घरावरचे संकट माशाने स्वतःवर घेतले." टाकी माळ्यावर जाते आणि मुले हिरमुसतात.

हे संकट नेमके कसले असते ते आज पाहू. त्याला नाव आहे, ते मोजता येते आणि बहुतेक वेळा टाळताही येते. त्यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. मात्र महिना-दीड महिना धीर धरावा लागतो.

स्वच्छ दिसणारे पाणी

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच मलविसर्जन करतो. आपल्या शरीरातील नको असलेला नायट्रोजन आपण युरियाच्या रूपाने लघवीवाटे बाहेर टाकतो. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो आणि हे काम रात्रंदिवस चालू असते. त्यात न खाल्लेले खाद्य खड्यांत जाऊन कुजते, त्याचाही अमोनियाच होतो.

नदीत किंवा तळ्यात पाणी अफाट असते, म्हणून हा अमोनिया विरून जातो. आपल्या टाकीचा हिशेब करून पाहा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तर सुमारे ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर उरते ४५ लिटरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन बादल्या. एवढ्या पाण्यात दहा मासे अमोनिया सोडत राहिले तर काही दिवसांतच त्यांचे कल्ले पोळू लागतात.

अमोनियाला रंग नसतो. एवढ्या थोड्या प्रमाणात त्याचा वासही आपल्याला येत नाही. त्यामुळे आरशासारखे नितळ पाणी माशाला मारक असू शकते आणि किंचित पिवळसर पाण्यात मासे सुखाने राहू शकतात. पाण्याची परीक्षा नुसत्या डोळ्यांनी होत नाही, ही पहिली गोष्ट मनात पक्की करावी.

टाकीचे विरजण

मग ज्या घरांत वर्षानुवर्षे मासे जगतात, तेथे अमोनियाचे काय होते? तो जिवाणू खातात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. ते अधूनमधून थोडे पाणी बदलून काढता येते आणि टाकीत जिवंत वनस्पती असतील तर त्याही ते शोषून घेतात.

ही दोन पायऱ्यांची साखळी सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उलगडून दाखवली. शाळेच्या पुस्तकात आपण नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावे वाचलेली असतात. पुढील संशोधनातून असे दिसून आले की, माशांच्या टाक्यांत नायट्राइटचे काम बहुतांशी नायट्रोस्पायरा हे जिवाणू करतात. २०१५ साली तर या नायट्रोस्पायरांपैकी काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात, हेही सिद्ध झाले.

आमच्या भगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्या रोज रात्री हेच करतात. दुधात चमचाभर विरजण घातले की सकाळी दही तयार. विरजण नसेल तर दूध नासते. नवी टाकी म्हणजे विरजण न लावलेले दूध होय. फरक एवढाच की, दह्याचे जिवाणू भराभर वाढतात आणि एका रात्रीत काम संपवतात. टाकीतले जिवाणू संथ असतात, त्यांना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस तरी लागतो. म्हणून टाकी पिकायला चार ते सहा आठवडे जातात.

आणखी एक गोष्ट. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. फिल्टरच्या स्पंजला, खड्यांना आणि काचेला ते बुळबुळीत थर करून चिकटून असतात. म्हणून थोडे पाणी बदलल्याने त्यांचे काही बिघडत नाही. पण स्पंज आणि खडे नळाखाली धरून साबणाने धुतले की सगळे विरजण मोरीत वाहून जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. "आम्ही तर दर आठवड्याला टाकी लख्ख धुतो, तरी मासे मरतात," अशी तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा त्या तक्रारीचे कारण त्या धुण्यातच असते.

सुरुवात कशी करावी

उत्तम मार्ग म्हणजे पहिला महिनाभर टाकीत मासे न घालणे. टाकी जागेवर बसवा. पाण्यासह तिचे वजन साठ किलोच्या वर जाते, तेव्हा लाकडी टेबल डुगडुगते नाही ना, हे आधी पाहा. खडे नुसत्या पाण्याने गढूळपणा जाईपर्यंत धुवा, साबण लावू नका. पाणी भरा, क्लोरीन घालवा, फिल्टर चालू करा आणि मासे आहेत असे समजून रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढू लागतात. या काळात पाण्याला थोडा वास येईल, गढूळपणा येईल. येऊ द्या.

नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्या घरात सहा महिने चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधील स्पंजचा एक तुकडा किंवा मूठभर खडे मागून आणा. ते त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, ओले ठेवून, त्याच दिवशी आपल्या टाकीत टाका. हेच खरे विरजण. याने महिन्याचे काम अनेकदा दोन आठवड्यांत होते. शेजारणीकडून वाटीभर विरजण मागायला आपण संकोच करत नाही, मग येथेही करू नये. बाटलीतले जिवाणू दुकानात मिळतात. त्यांतील काही उपयोगी पडतात, काही पडत नाहीत. बाटली ओतली म्हणून मोजणी सोडू नये.

मासे आधीच आणून झाले असतील तर? तर घाबरून जाऊ नका. दोन फुटांच्या टाकीत तीन-चार छोटे, काटक मासे ठेवा. गप्पी, प्लॅटी किंवा झेब्रा डॅनियो यासाठी बरे. गप्पी तर डास आटोक्यात ठेवण्यासाठी मलेरिया विभाग डबक्यांत सोडतो, इतका तो चिवट आहे. झेब्रा डॅनियो हा आपल्याच देशातील ओढ्या-शेतांतला मासा आहे. गोल्डफिश मात्र सुरुवातीला टाळा. तो मोठा होतो, खूप खातो आणि घाणही खूप करतो. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणे म्हणजे त्याचे हाल करणे होय.

दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घाला. पहिल्या महिन्यात एक दिवसाआड दिले तरी चालते. मासे उपाशी मरतील या काळजीने घरातील प्रत्येक जण चिमूट टाकत असतो. मुलगा शाळेत जाताना टाकतो, आजोबा दुपारी टाकतात, आजी भाताची शिते टाकते. खाद्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात द्यावा. शक्य तर तो मुलांपैकी एकाकडे असावा, म्हणजे जबाबदारीची सवय लागते.

नळाचे, विहिरीचे, फिल्टरचे पाणी

नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते आणि ते घातलेच पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. आपल्याला ते निर्धोक आहे, पण माशांचे नाजूक कल्ले त्याने भाजून निघतात आणि आपले जिवाणूही मरतात. टाकी भरल्यापासून काही तासांतच मासे सैरावैरा धावू लागले तर पहिला संशय क्लोरीनवर घ्या.

उपाय सोपा आहे. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, त्यात हवेचा पंप सोडला तर आणखी चांगले. घाई असेल तर दुकानात 'अँटी-क्लोरीन' मिळते. त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. जुने फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणत तेच हे. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीन वाढवतात आणि गावोगावी विहिरीत टीसीएल पावडर पडते. त्या दिवसांत जास्त सावध राहावे. अमेरिकेतील अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते बादलीत ठेवून उडत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना औषधच घालावे लागेल.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन सहसा नसते, पण क्षार भरपूर असतात. भांड्यांवर पांढरे डाग पडतात ते याच क्षारांचे. असे जड पाणी गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना मानवते. एक धोका मात्र समजून घ्या. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो, एक फारसा त्रास न देणारा आणि एक जहाल. पाण्याचा पीएच ७ असेल आणि तापमान २८ अंश असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे ०.७ टक्के जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की हेच प्रमाण साडेसहा टक्के होते, म्हणजे नऊपटीहून अधिक. म्हणून जड, अल्कधर्मी पाण्यात तोच अमोनिया कितीतरी जास्त घातक ठरतो.

याच्या उलट, काही जण माशांना "आपल्यासारखेच शुद्ध पाणी" म्हणून आरओ मशिनचे पाणी भरतात. त्यात क्षार जवळपास नसतात. जिवाणूंना त्यांच्या कामात हे क्षार लागतात. ते संपले की पीएच घसरतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. केवळ आरओचे पाणी वापरू नये. साध्या पाण्यात मिसळून वापरावे.

लक्षण आणि उपाय

नव्या टाकीत काय बिघडले आहे, हे पाणी आणि मासे दोघेही सांगत असतात. नेहमी दिसणारी लक्षणे अशी.

पहिल्याच दिवशी पाणी राखाडी-गढूळ : खडे नीट धुतलेले नाहीत. फिल्टर चालू ठेवा, एक-दोन दिवसांत गाळ खाली बसतो.

दुसऱ्या ते सातव्या दिवसात पाणी दुधाळ : कुजणाऱ्या खाद्यावर वाढणारे दुसरेच जिवाणू पाण्यात झपाट्याने वाढले आहेत. माशांना त्यांचा थेट त्रास नाही, पण ते प्राणवायू वापरतात. हवेचा पंप चालू ठेवा, खाद्य कमी करा. सगळे पाणी बदलू नका, कारण ते पुन्हा दुधाळ होईल. आठवड्याभरात आपोआप निवळते.

मासे वर येऊन तोंड उघडतात, कल्ले लाल दिसतात, पंख मिटून तळाशी बसतात : अमोनियाचा संशय घ्या. लगेच एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि टाकीइतक्याच तापमानाचे असावे. एक-दोन दिवस खाद्य बंद. टाकीचा पीएच बराच उतरलेला असेल आणि नवे पाणी बोअरचे असेल तर एकदम निम्मे बदलू नका. पीएच अचानक वाढला तर सौम्य अमोनिया जहाल होतो. अशा वेळी थोडे-थोडे करून बदला.

दोन-तीन आठवड्यांनंतर मासे धापा टाकतात, कल्ले तपकिरी दिसतात : हे नायट्राइट. ते रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. दूषित विहिरीच्या पाण्यातील जादा नायट्रेटमुळे तान्ही बाळे निळी पडतात, त्यातही रक्तात असाच बिघाड होतो. पाणी बदला आणि लिटरमागे एक ग्रॅम या हिशेबाने मीठ पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडथळा होतो. टाकीत नाजूक वनस्पती किंवा खवले नसलेले मासे असतील तर मीठ याहून कमी घाला.

पाणी हिरवे : शेवाळाचे सूक्ष्म कण. टाकी खिडकीच्या उन्हात आहे किंवा दिवा फार वेळ चालू असतो. टाकी उन्हातून हलवा, दिवा सहा ते आठ तासच लावा.

पाणी चहासारखे पिवळसर : लाकडाचा ओंडका ठेवला असेल तर त्याचा रंग उतरतो. अपाय नाही.

वर तेलकट साय : पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही. हवेच्या बुडबुड्यांचा जोर वाढवा.

खडे हलवले की सडक्या अंड्याचा वास : तळाशी घाण साचून विषारी वायू तयार झाला आहे. खडे दोन इंचांपेक्षा जाड अंथरू नका. पाणी बदलताना नळीने तळाची घाण ओढून घ्या.

येथे पाणी बदलण्याचा साधा हिशेब सांगून ठेवतो. चाळीस लिटर पाण्यात अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे. दहा लिटर बदलले तर तो दीडवर येतो, वीस लिटर बदलले तर एकवर. एका बदलाने विष पूर्ण जात नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे आणि गरज असल्यास पुन्हा बदलावे.

मोजल्याशिवाय बोलू नये

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजण्याचे थेंबांचे संच मिळतात. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, सांगितलेले थेंब टाकायचे आणि आलेला रंग सोबतच्या तक्त्याशी ताडून पाहायचा. सातवी-आठवीतली मुले हे सहज करतात. एका घराला हा खर्च जड वाटत असेल तर वस्तीतील चार घरांनी मिळून एक संच घ्यावा. प्लॅस्टिकचा किल्ला, बुडबुडे सोडणारा शिंपला, रंगीत दिवे यांवर पैसे घालण्याआधी हा संच घ्यावा.

टाकीशेजारी एक वही ठेवा. तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, किती पाणी बदलले, किती खाद्य दिले, अशा नोंदी करा. साधारण असे चित्र दिसेल. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात अमोनिया चढतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते. अनेक जण या टप्प्यावर "अमोनिया गेला, टाकी तयार झाली" असे समजून मासे आणतात आणि फसतात. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात नायट्राइटही शून्यावर येते आणि नायट्रेट दिसू लागते. सलग आठवडाभर अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आले म्हणजे टाकी पिकली. बिनमाशांची टाकी असेल तर या आठवड्यातही रोजचे चिमूटभर खाद्य चालू ठेवा, तरच हे शून्य खरे.

मासे असताना अमोनिया किंवा नायट्राइट लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी बदला. जड पाण्यात पाव मिलिग्रॅमलाच सावध व्हा. नायट्रेट ४० मिलिग्रॅमच्या आत राहील अशा बेताने पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलत राहा. टाकी पिकल्यावरही नवे मासे दोन-दोन, तीन-तीन करून, मध्ये आठ-पंधरा दिवस सोडून आणा. जिवाणूंची संख्या माशांच्या संख्येइतकीच वाढलेली असते. एकदम दहा मासे आणले तर पुन्हा तोच प्रकार होतो.

वीज गेली तर

आपल्याकडे उन्हाळा आणि भारनियमन अनेकदा जोडीने येतात. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. त्यात पंप बंद पडला की मासे आणि जिवाणू दोघेही गुदमरतात. सेलवर चालणारा छोटा पंप ठेवता आला तर ठेवा. नाहीतर मगाने टाकीतलेच पाणी घेऊन हातभर उंचीवरून हळूहळू पुन्हा टाकीत ओता, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे. वीज नसताना खाद्य घालू नका. बंद डब्याचा फिल्टर सहा-आठ तास बंद राहिला असेल तर त्यातील साचलेले पाणी फेकून, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून मगच चालू करा. साधा स्पंज फिल्टर आणि हवेचा पंप ही जोडी स्वस्त असून अशा प्रसंगी तीच जास्त भरवशाची.

हे करू नका

मासा सुस्त दिसला की दुकानातून निळे-पिवळे औषध आणून ओतू नका. रोगाआधी पाणी तपासा. काही औषधांनी जिवाणूच मरतात. पीएच खाली-वर करणाऱ्या बाटल्यांच्या मागे लागू नका. पीएच स्थिर असणे हे अमुक आकड्यावर असण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. "घाण खाणारा मासा" म्हणून सकर मासा घेऊ नका. तो शेवाळ खातो, पण अमोनियाही सोडतो आणि फूटभराहून मोठा होतो. मग जागा पुरत नाही म्हणून लोक त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. तेथे तो आपल्या देशी माशांच्या जागा बळकावतो आणि कोळी-भोई बांधवांची जाळी फाडतो. नको असलेला मासा दुकानदाराला परत करा किंवा दुसऱ्या घरी द्या. नदीत सोडणे हे पुण्याचे काम नव्हे.

शेवटी मुलांच्या आई-वडिलांशी दोन शब्द. मासा मेला की मूल विचारते, "का मेला?" त्या क्षणी आपण काय उत्तर देतो, याला मोल आहे. "त्याचे दिवस भरले" किंवा "आपले संकट त्याने घेतले" असे सांगितले तर प्रश्न तेथेच संपतो आणि पुढच्या रविवारी आणलेला मासाही त्याच कारणाने मरतो. "चल, पाणी मोजून पाहू," असे म्हटले तर मुलाला कळते की घडणाऱ्या गोष्टीला कारण असते, कारण शोधता येते आणि ते दूर केले तर परिणामही टळतो. एखाद्या वेळी मोजूनही मासा वाचणार नाही. पण वहीत नोंद राहील आणि तिचा उपयोग पुढच्या माशाला होईल.

यंदा मुलांनी हट्ट धरला तर टाकी जरूर आणा. मात्र पहिल्या दिवशी मासे आणू नका. मुलांना सांगा, "आधी विरजण लावू, मासे महिन्याने." आणि त्या महिन्यात थेंब मोजण्याचे आणि वही लिहिण्याचे काम त्यांच्याकडेच द्या.